सिंधुदुर्ग पाण्यातून पाहावा

उत्तरेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलांना शिवचरित्र अपरिचित नसते. रायगड, प्रतापगड, सिंहगड ही नावे घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांच्या कानी पडलेली असतात. परंतु शिवछत्रपतींच्या राज्याची एक सीमा खाऱ्या पाण्याची होती, आणि फरीदाबादसारख्या समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या नगरात वाढणाऱ्या मुलांस तिची कल्पना येणे कठीण. ती यावी, यासाठी सुट्टीत एकदा तरी मुलांना घेऊन मालवणास जावे, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते.

सतराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या समुद्रावर सत्ता होती ती परक्यांची. गोव्यात पोर्तुगीज, जंजिऱ्यास सिद्दी, वेंगुर्ल्यास डच आणि राजापुरास इंग्रज. पोर्तुगीजांचा परवाना, म्हणजे कार्ताज, घेतल्यावाचून येथील व्यापाऱ्यास आपलेच गलबत आपल्याच समुद्रात निर्धास्तपणे हाकारता येत नसे. किनारा आपला, पण पाणी परक्याचे, अशी ही स्थिती होती. ती पालटण्यासाठी महाराजांनी आरमार उभारले आणि मालवणसमोरील कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. लगेच फेब्रुवारी १६६५ मध्ये मराठी आरमाराने मालवणहून निघून कर्नाटकातील बसरूरवर स्वारी केली. स्वतः महाराज त्या सफरीत होते.

यानंतरचा काळ मोठा बिकट गेला. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. मे १६६६ मध्ये महाराज आग्र्यास गेले, तेथे नजरकैदेत पडले आणि ऑगस्टमध्ये निसटले. निसटल्यावर बाल संभाजीराजांना मथुरेस ठेवून ते पुढे गेले. हजरत निजामुद्दीनहून कोकणाकडे जाणारी गाडी फरीदाबाद ओलांडून त्याच मथुरेवरून जाते. गाडी तेथे पोहोचली की मुलांना अवश्य सांगावे, की हे सारे घडत असताना तिकडे मालवणच्या समुद्रात तट उभा राहत होता. १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. सुमारे ४८ एकरांचे बेट आणि त्याभोवती तीन किलोमीटरांच्या आसपास लांबीचा नागमोडी तट, असा त्याचा विस्तार आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले समाविष्ट झाले, त्यांत सिंधुदुर्गही आहे.

किल्ल्यात गेल्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी पाहाव्यात. चोहोबाजूंनी खारे पाणी असता आत गोडे पाणी मिळते, म्हणूनच हे बेट लढवण्याजोगे ठरले. छत्रपती राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरात नतमस्तक व्हावे. पण एवढ्यावर समाधान मानून परतणाऱ्या यात्रेकरूस किल्ल्याचा निम्माच अर्थ कळतो. उरलेला निम्मा अर्थ पाण्यात आहे.

धक्क्यापासून किल्ला सुमारे अर्ध्या किलोमीटरवर दिसतो, पण होडी सरळ रेषेत जात नाही. पाण्याखाली खडक आहेत, आणि त्यांना वळसे घालीतच तांडेल होडी नेतो. हे खडक म्हणजे किल्ल्याचा न बांधलेला तट होय. वाट ठाऊक नसलेले मोठे जहाज येथे आले तर तोफेआधी खडकच त्याचा समाचार घेत. दांडीच्या किनाऱ्यावरून ओहोटीला पायी गाठता येणारा पद्मगड पाहिला, की भरती-ओहोटीचे गणित पायांनाच समजते. पाण्याखालील खडक प्रत्यक्ष पाहण्याचीही सोय आता आहे. मुखवटा आणि श्वासनळी लावून उथळ पाण्यात तरंगता येते, आणि प्रशिक्षित माणसाच्या सोबतीने स्कूबा साधनांसह खालीही उतरता येते. प्रवाळ आणि त्यांतून फिरणारे रंगीबेरंगी मासे पाहून मुले हरखून जातात. तारकर्लीची पुळण, कर्ली नदीतील नौकाविहार आणि देवबागचा संगम हेही जवळच आहेत. कोणी याला केवळ जलक्रीडा म्हणो, आरमाराचा इतिहास समजून घेण्याचा याहून चांगला वर्ग दुसरा नाही.

या वर्गाचे गुरुजन म्हणजे येथील गाबीत, भंडारी आणि कोळी मंडळी. महाराजांचे आरमार अशाच दर्यावर्दी समाजांच्या वारा आणि पाण्याच्या ज्ञानावर चालले. तेच ज्ञान आज रापण ओढणाऱ्या हातांत आहे. अनेक जणांनी मिळून किनाऱ्यावर जाळे ओढायचे आणि मासळीचा वाटा सर्वांनी घ्यायचा, ही रीत पाहण्यासारखी आहे. १९८७ मध्ये येथील समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तेव्हा आपली मासेमारी जाईल या भयाने स्थानिकांनी विरोध केला. प्रवाळ टिकावे आणि मच्छीमारही टिकावा, हा प्रश्न त्यामुळे सोपा नाही. पर्यटकांच्या गर्दीने तो अधिकच नाजूक केला आहे.

येथे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चे स्मरण होते. अठराव्या शतकाच्या प्रारंभी लिहिलेल्या या ग्रंथात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांस लाकूड लागते हे खरे, परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली आंबा-फणसाची झाडे जबरीने तोडू नयेत, मालकास राजी करून, मोल देऊनच घ्यावीत, असा त्यात दंडक आहे. राज्याच्या संरक्षणासाठीही जे ओरबाडू नये, ते चार घटकांच्या मौजेसाठी कसे ओरबाडावे? प्रवाळावर पाय देऊ नये, त्याचा तुकडा आठवण म्हणून आणू नये, किनाऱ्यावर कचरा टाकू नये, आणि तांडेल समुद्र खवळला आहे म्हणाला तर निमूटपणे ऐकावे.

पावसाळ्यात किल्ल्याची होडी-वाहतूक बंद असते, तेव्हा दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत बेत आखावा, हे उत्तम. यमुनेच्या काठी वाढलेली आपली मुले एकदा त्या होडीत बसली, की शिवचरित्रातील 'आरमार' हा शब्द त्यांना पुन्हा समजावून सांगावा लागणार नाही.