आयर्लंडची जळालेली दप्तरे आणि पूर्वजांचा शोध

आपले मूळ कोठले, आपले पूर्वज कोण, त्यांनी कोणत्या गावी दिवस काढले, ही जिज्ञासा मनुष्यमात्राच्या ठिकाणी स्वाभाविकच असते. महाराष्ट्रात ह्याच जिज्ञासेतून कुलवृत्तांत जन्मास आले व अनेक घराण्यांनी पदरमोड करून आपापल्या वंशावळी छापून काढल्या. आपल्या ज्ञातीतही हे कार्य करणारी वडील मंडळी होऊन गेली व आजही आहेत. त्यांची नेहमीची तक्रार एकच असते. चार पिढ्यांपलीकडे कागद मिळत नाही. कोणी म्हणतो दप्तर पुरात गेले, कोणी म्हणतो वाळवीने खाल्ले, कोणी म्हणतो वाटणीच्या वेळी कोणाकडे गेले ते कळत नाही.

ही निराशा किती खरी व किती अनाठायी, हे पाहण्यासाठी आम्ही ह्या लेखात वाचकांस आयर्लंडात नेऊ इच्छितो. भगिनी निवेदितांची जन्मभूमी म्हणून ह्या देशाचे नाव आपणांस परके नाही. ज्या देशाचे जवळजवळ सारे जुने दप्तर एका दिवसात भस्मसात झाले, त्या देशातील माणसे आपले पूर्वज कसे शोधून काढतात, ही हकीकत आपणांस उद्बोधक वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

प्रथम ह्या शोधामागील दुःख समजून घेतले पाहिजे. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि पुढील काही वर्षे जो दुष्काळ झाला त्यात सुमारे दहा लक्ष माणसे दगावली व त्याहून अधिक देशोधडीस लागली. १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या साडेपासष्ट लाखांवर आली. परदेशगमनाचा हा ओघ पुढेही थांबला नाही. १९११ साली ती सुमारे ४४ लाखच उरली होती. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड येथे गेलेल्या ह्या लोकांचे वंशज आज मूळ देशातील रहिवाशांच्या कित्येक पट आहेत. आजोबांच्या तोंडून ऐकलेले एखादे गावाचे नाव, तेही अपभ्रष्ट, एवढ्याच शिदोरीवर ते शोधास निघतात.

आता दप्तरांची अवस्था पाहू. आयर्लंडात १८२१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत असे. पैकी १८६१ व १८७१ ची कुटुंबवार पत्रके सरकारी हुकुमानेच नष्ट करण्यात आली. १८८१ व १८९१ ची पत्रके पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यास गेली. १८२१ ते १८५१ ह्या चार शिरगणत्यांची पत्रके मात्र डब्लिन शहरी ‘फोर कोर्ट्‌स’ ह्या न्यायमंदिराच्या आवारातील सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवलेली होती. पुण्याच्या पेशवे दप्तराचे जे स्थान आपल्याकडे, तेच ह्या दप्तरखान्याचे तिकडे होते. इंग्लंडशी झालेल्या तहावरून आयरिश लोकांत यादवी माजली व १९२२ सालच्या जून महिन्याच्या ३० तारखेस, लढाई चालू असता, तेथे प्रचंड स्फोट होऊन आग लागली. कित्येक शतकांचे कागद, मृत्युपत्रे, शिरगणतीची पत्रके सर्व जळाले. थोडेसे तुकडे तेवढे वाचले.

ह्या आगीतील एक गोष्ट विशेष चिंतनीय आहे. चर्च ऑफ आयर्लंड ह्या प्रॉटेस्टंट पंथाच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या जुन्या वह्या कायद्यान्वये ह्या दप्तरखान्यात जमा करावयाच्या होत्या. ज्या चर्चांत कागद नीट राखण्याची सोय होती, त्यांना त्या स्वतःकडे ठेवण्याची मुभा मिळाली. सुरक्षिततेसाठी डब्लिनला गेलेल्या वह्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. खेड्यातल्या कपाटात राहिल्या त्या वाचल्या. कॅथॉलिक पंथाच्या वह्यांस हा कायदा लागू नसल्याने त्या आपापल्या गावीच राहिल्या व म्हणूनच बचावल्या. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा ह्यांच्या मातृकुलातील एक पूर्वज फालमथ केअर्नी १८५० साली मनीगॉल ह्या लहानशा गावातून अमेरिकेस गेले. त्या घराण्याचा पुरावा मिळाला तो अशाच, त्या पंचक्रोशीत राहून गेलेल्या चर्चच्या जुन्या नोंदींतून. चांभारकाम करणाऱ्या एका कुटुंबाचा हा मुलगा. त्याचा वंशज २०११ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून त्या गावी आला.

एवढा नाश होऊनही शोध चालतो तो कशाच्या बळावर? मुख्य आधार तीन प्रकारच्या सरकारी नोंदींचा : जन्म, विवाह व मृत्यू. कॅथॉलिकेतर विवाहांची नोंद १८४५ च्या एप्रिलपासून, आणि सर्वांचे जन्म, विवाह व मृत्यू ह्यांची नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. गरिबांच्या मदतीसाठी देशाचे जे तालुकावजा विभाग पाडलेले होते, त्यांच्याच आधाराने ही व्यवस्था उभारली गेली.

जन्माच्या नोंदीत बालकाचे नाव, जन्मतारीख व स्थळ, बापाचे नाव, वास्तव्य व धंदा हे तर असतेच. परंतु त्याशिवाय आईचे नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहिलेले असते. हा एक रकाना म्हणजे पूर्वजशोधाची किल्लीच होय. एकाच गावात मर्फी किंवा सलिव्हन आडनावाचे दहा जॉन असतील. परंतु मेरी डोनोव्हन हिच्याशी लग्न झालेला जॉन सलिव्हन बहुधा एकच निघेल. विवाहाच्या नोंदीत वर व वधू ह्या दोघांच्याही बापांची नावे व धंदे, तसेच साक्षीदारांची नावे मिळतात. साक्षीदार बहुधा भाऊबहीण किंवा जिवलग शेजारी असल्यामुळे त्यांचाही माग काढावा लागतो. मृत्यूच्या नोंदीत वय, धंदा, मृत्यूचे कारण व खबर देणाऱ्याचे नाव असते. मात्र मृताच्या आईबापांची नावे नसतात.

ह्या तीन नोंदींच्या जोडीस १९०१ व १९११ ह्या दोन शिरगणत्या संपूर्ण शिल्लक आहेत. त्यांचे वैशिष्ट्य असे की कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेले मूळ पत्रकच आज पाहावयास मिळते. लिहिता न येणाऱ्याने केलेली निशाणीही तशीच आहे. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, धर्म, धंदा, साक्षरता, जन्माचा परगणा, आयरिश भाषा येते की नाही, हे त्यात आहे. पत्रके गोळा करणाऱ्या पोलीस शिपायाने भरलेल्या निराळ्या तक्त्यात भिंती कशाच्या, छप्पर गवताचे की पक्के, समोरच्या बाजूस खिडक्या किती, गोठे व खुराडी किती, हेही नोंदलेले आहे. १९११ च्या पत्रकात आणखी एक रकाना आला. विवाहित स्त्रीस लग्न होऊन किती वर्षे झाली, तिला जिवंत अपत्ये किती झाली व त्यांतील हयात किती, असा हा प्रश्न होता. एखाद्या ओळीत ‘नऊ’ व त्यापुढे ‘सहा’ एवढेच दोन आकडे दिसतात. परंतु त्या दोन आकड्यांच्या मध्ये एका मातेचे तीन अपत्यांचे दुःख उभे असते.

शोधाची रीत वर्तमानाकडून भूतकाळाकडे जाण्याची आहे. समजा, १९११ च्या पत्रकात आजीच्या नावापुढे लग्नास बावीस वर्षे झाल्याचे लिहिले आहे. तेव्हा विवाह १८८९ च्या आसपासचा. त्या सुमाराच्या विवाहनोंदी त्या विभागात पाहिल्या की दोन्ही व्याह्यांची नावे हाती लागतात. आजीचे वय त्यावेळी चोवीस असेल, तर तिचा जन्म १८६५ च्या सुमाराचा. म्हणजे सरकारी नोंद सापडण्याचा संभव आहे, व ती सापडल्यास पणजीचे माहेर कळते. त्यापूर्वीच्या पिढीसाठी चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांकडे वळावे लागते. अखेरीस १८४७ ते १८६४ ह्या काळात रिचर्ड ग्रिफिथ ह्यांच्या देखरेखीखाली जमीन व घरे ह्यांच्या आकारणीची जी पाहणी झाली, तिच्या छापील याद्यांत खापरपणजोबा कोणत्या वाडीत किती जमीन कसत होते ते मिळते. एकाच वाडीत एकाच नावाचे दोघे असले तर बापाच्या नावाने, किंवा क्वचित केसांच्या रंगावरून, ते वेगळे दाखविलेले असतात. आपल्या गावांतील ‘थोरले’, ‘धाकटे’, ‘वरच्या आळीचे’ ह्याच जातीचा हा प्रकार होय.

नामकरणाची रूढीही येथे उपयोगी पडते. पहिल्या मुलास बापाच्या बापाचे व दुसऱ्यास आईच्या बापाचे नाव ठेवण्याची चाल आयरिश कुटुंबांत पुष्कळ ठिकाणी होती. नातवास आजोबांचे नाव देण्याच्या आपल्या जुन्या पद्धतीशी ती किती जुळते हे सांगणे नकोच.

तथापि, कागद खरे बोलतोच असे नाही. आडनावापूर्वीचा ‘ओ’ एका पिढीने गाळला तर दुसरीने पुन्हा लावला. उशिरा नोंद केल्यास दंड होई, म्हणून जन्मतारीख पुढे ढकलण्यात येई. परिणामी काही बालकांचा बाप्तिस्मा जन्माच्या आधीच झालेला दिसतो! वयाची गंमत तर निराळीच आहे. १९०१ व १९११ ह्या दहा वर्षांच्या अवधीत अनेक वृद्धांचे वय दहाहून पुष्कळच अधिक वर्षांनी वाढलेले आढळते. ह्याचे एक कारण असे की १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांवरील गरिबांस आठवड्यास पाच शिलिंगांपर्यंत निवृत्तिवेतन मिळू लागले होते. ज्यांना आपले खरे वय ठाऊकच नव्हते, त्यांना ते ह्या निमित्ताने ठरवावे लागले.

ह्याच निवृत्तिवेतनाने पूर्वजशोधावर एक अकल्पित उपकार केला. १८६४ पूर्वी जन्मलेल्यांपाशी जन्माचा दाखला नव्हता. म्हणून अर्जदार आपल्या आईबापांची नावे व वाडीचे नाव लिहून देत, आणि दप्तरखान्यातील कारकून १८४१ व १८५१ च्या पत्रकांत त्या कुटुंबाचा शोध घेऊन सापडलेली माहिती अर्जावर उतरून ठेवीत. पुढे मूळ पत्रके जळाली. हे अर्ज मात्र राहिले. मूठभर धान्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी केलेल्या विनवण्यांच्या कागदांतच आज त्या जळालेल्या शिरगणतीचे अवशेष सापडतात.

नकलेचे असे महत्त्व ओळखून पुढील पिढ्यांनी मोठे काम केले. कॅथॉलिक चर्चांच्या वह्यांची छायाचित्रे तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने विसाव्या शतकाच्या मध्यास घेऊन ठेविली होती. २०१५ साली ती इंटरनेटवर सर्वांस विनामूल्य खुली झाली. १९११ ची शिरगणती २००९ साली व १९०१ ची २०१० साली अशीच संपूर्ण खुली झाली. शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह व पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू ह्यांच्या मूळ नोंदीही आता घरबसल्या पाहता येतात. आगीस शंभर वर्षे झाली त्या वेळी, २०२२ साली, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दप्तरखान्याची संगणकीय पुनर्रचना लोकांपुढे आली. जगभरच्या ग्रंथालयांत विखुरलेल्या नकला त्यासाठी गोळा करण्यात आल्या. आमच्या मुंबई इलाख्याचाही ह्या विषयाशी दूरचा संबंध आहे. येथील छावण्यांत कैक आयरिश शिपाई होते. त्यांचे विवाह, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे व त्यांची दफने ह्यांच्या नोंदींच्या नकला चर्चमार्फत लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत असून, पुण्यास वा मुंबईस मातीआड झालेल्या आपल्या पूर्वजाचा माग एखादा आयरिश मनुष्य तेथे काढू शकतो.

ह्या सर्व हकीकतीतून आम्हांस जे उमगते ते असे. कागद मोठ्या इमारतीत आहे म्हणून तो सुरक्षित नव्हे; तो अनेक ठिकाणी आहे म्हणून सुरक्षित. आपल्याकडे शिरगणतीची कुटुंबवार माहिती १९४८ च्या कायद्यान्वये गोपनीय असल्याने तिचा उपयोग आपणांस नाही. जन्ममृत्यूंची नोंद साऱ्या देशात सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने. तेव्हा आपला आधार गावचे कोतवाल बुक, शाळेचे जनरल रजिस्टर, जमिनीचे फेरफार, त्र्यंबकेश्वर व नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरातील जुनी पत्रे हाच राहणार. ह्यांतील पुष्कळ मजकूर मोडीत आहे व मोडी वाचणारी माणसे दिवसेंदिवस विरळ होत आहेत.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, परंतु ती सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. आयर्लंडातील गरिबातल्या गरीब मजुराच्या मुलाच्या जन्मनोंदीत त्याच्या आईचे माहेर नोंदलेले आहे. आपल्या छापील वंशावळी उघडून पाहाव्या. पानेच्या पाने पुरुषांच्या नावांनी भरलेली असतात. सुनेचे सासरचे नाव कंसात असले तर असते, माहेर बहुधा नसते, आणि कन्यांचा तर उल्लेखही पुष्कळदा नसतो. ज्या घराण्याने आपल्या आज्या-पणज्यांची माहेरे टाकून दिली, त्याने आपल्या इतिहासाचा अर्धा भाग स्वतःच्या हाताने जाळला, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही. त्यासाठी कोणत्याही यादवीची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची नम्र सूचना आहे. प्रत्येक घराने एक कागद घ्यावा व त्यावर आपल्या तीन पिढ्यांतील प्रत्येक स्त्रीपुरुषाचे नाव, जन्म, विवाह व मृत्यू ह्यांचे साल व गाव, प्रत्येक सुनेचे माहेर व प्रत्येक लेकीचे सासर लिहावे. बालपणी वारलेल्या अपत्यांसही गाळू नये. जे नक्की ठाऊक नाही ते तसे नमूद करावे. ह्या कागदाच्या तीन नकला कराव्या : एक घरी, एक लेकीच्या सासरी व एक मंडळाच्या दप्तरी. घरात वडीलधारे कोणी असतील तर हे काम ह्याच वर्षी करावे. कारण माणसाबरोबर जाणाऱ्या आठवणीची नकल कोणत्याही ग्रंथालयात मिळत नाही.