नाडीवरच्या बोटांपासून मनगटावरच्या सेन्सरपर्यंत

सकाळी मुनिरक्यात फिरायला निघणाऱ्या आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या मनगटावर हल्ली वेळेबरोबर नाडीचे ठोके दाखवणारी घड्याळे दिसतात. वस्तू कालपरवाची वाटते, पण तिचा इतिहास बराच जुना आहे. मी रेल्वेतला डिप्लोमा इंजिनिअर. वैद्यकाचा जाणकार नव्हे. पण मोजमाप हे आमचे रोजचेच काम, म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

नाडीपरीक्षेचे वर्णन आपल्याकडे शार्ङ्गधर संहितेत येते. वाताची नाडी साप किंवा जळूसारखी, पित्ताची बेडूक किंवा कावळ्यासारखी आणि कफाची हंसासारखी चालते, असे तेथे सांगितले आहे. मात्र हे ज्ञान वैद्याच्या तीन बोटांतच राही. नोंद मागे उरत नसे. ती नोंद घेणारे सुटसुटीत यंत्र फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांनी १८६० मध्ये तयार केले. ते चक्क मनगटावर बांधत! नाडीच्या उचलीने एक तरफ हले आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे.

पुढची पायरी पदार्थविज्ञानाची. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाखवले. पण स्फटिक पडला कडक. १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांना हा गुण पीव्हीडीएफ नावाच्या प्लास्टिकमध्ये ठळकपणे आढळला. त्याची पातळ फिल्म त्वचेबरोबर वाकते, त्यामुळे ती पट्टीत किंवा कपड्यात बसवता येते. अशा पदार्थांना 'स्मार्ट मटेरियल' म्हणतात. आपल्या घड्याळांत मात्र बहुधा हिरवा प्रकाश असतो. ठोक्यागणिक त्वचेखालचे रक्त कमी-जास्त होते, तसा परतणारा प्रकाश बदलतो आणि त्यावरून ठोके मोजले जातात.

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचेही एक पान आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि मुंबईची आयआयटी येथील अनिरुद्ध जोशी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नाडी तरंगिणी' ही प्रणाली मांडली. वैद्य जेथे तीन बोटे ठेवतो तेथेच दाब मोजणारे तीन सेन्सर ठेवायचे आणि नाडीच्या लहरी संगणकात उतरवायच्या, ही त्यामागची कल्पना. लहरींमधील सारखेपणा व फरक ओळखायचे काम संगणकाला शिकवता येते. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती येथे येते.

परंतु नोंद म्हणजे निदान नव्हे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात ४,१९,२९७ लोकांच्या घड्याळांवर लक्ष ठेवले गेले. अनियमित ठोक्यांचा इशारा २,१६१ जणांना मिळाला. त्यांपैकी ४५० जणांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, तेव्हा ३४ टक्क्यांमध्ये हृदयाच्या तालाचा तो दोष आढळला. हा दोष येतो-जातो, त्यामुळे बाकीचे इशारे खोटेच होते असेही म्हणता येत नाही.

आमच्याकडे पूर्वी कर्मचारी हाताने स्पर्श करून अ‍ॅक्सल बॉक्स तापला आहे का ते पाहत. आता रुळालगतचे इन्फ्रारेड सेन्सर हे काम करतात. पण इशारा आला म्हणून कोणी डबा भंगारात काढत नाही. गाडी थांबवून माणूस तो तपासतो. घड्याळाच्या इशाऱ्याचेही तसेच. घाबरू नये आणि दुर्लक्षही करू नये. नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही घड्याळे हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाहीत. तेव्हा घड्याळ गप्प आहे म्हणून छातीतली कळ कोणीही अंगावर काढू नये. एम्स आपल्यापासून फार लांब नाही!