सन्स ऑफ अनार्की
अमेरिकन दूरचित्रवाणीवरील गुन्हेगारीविषयक नाट्यमालिका. निर्माता कर्ट सटर. एफएक्स वाहिनीवर २००८ ते २०१४ या काळात ७ पर्वांत तिचे ९२ भाग प्रसारित झाले. कॅलिफोर्नियातील चार्मिंग या काल्पनिक गावातील मोटारसायकल टोळी वरकरणी गॅरेज चालवते. खरी कमाई बंदुकांच्या चोरट्या व्यापाराची. दिवंगत वडिलांचे हस्तलिखित हाती लागल्यावर उपाध्यक्ष जॅक्स टेलर (चार्ली हनम) याला टोळीच्या मार्गाविषयी प्रश्न पडतात. टोळीप्रमुख क्ले (रॉन पर्लमन) हा त्याचा सावत्र बाप. या नातेसंबंधांवर शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा प्रभाव स्पष्ट दिसतो. जॅक्सची आई जेमा हिच्या भूमिकेसाठी केटी सेगल यांना २०११ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला. ‘मायन्स एम. सी.’ (२०१८–२३) ही याच कथाविश्वातील पुढची मालिका.