भिंतीवरून उतरून जग फिरलेली चित्रे : नाशिक, अजिंठा आणि जपान (दीर्घ धागा)

नाशिकच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगर आहे. लोक त्यास पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तेथे काहीही संबंध नाही. येथील १७व्या लेण्यात एक शिलालेख आहे. उत्तरेकडील दत्तामित्री नगरीचा रहिवासी, योनक, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने हे लेणे आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ कोरविले, असे तो सांगतो. योनक म्हणजे यवन, ग्रीक वंशाचा मनुष्य. दान मात्र बौद्ध भिक्षुसंघास.

त्याच डोंगरावरील १०व्या लेण्याचा दाता उषवदात हा शक, क्षत्रप नहपानाचा जावई. आणि ३ऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्री आपल्या दिवंगत पुत्राची थोरवी गाताना त्यास शक, यवन आणि पह्लव यांचा संहारक म्हणते. यवनाचे दान आणि यवनांच्या संहाराचा अभिमान, दोन्ही एकाच कड्यात, चालत काही मिनिटांच्या अंतरावर कोरलेले आहेत. ‘संस्कृतींचा सलोखा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी हा कडा एकदा पाहून यावा.

नाशिकच्या भिंती जागीच राहिल्या. परदेशी त्यांच्यापाशी आले. अजिंठ्याच्या बाबतीत याच्या उलट घडले. तेथील भिंतींवरची चित्रे कापडावर आणि कागदावर उतरून जगभर हिंडली.

१८१९ मध्ये मद्रास सैन्यातील अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या खोऱ्यात आला आणि ही लेणी इंग्रजांना ठाऊक झाली. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन रॉबर्ट गिल याच्याकडे चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम सोपविले. गिलने त्यात आयुष्याची कित्येक वर्षे घातली. त्याची तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाली. गिल १८७९ मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

पुढचा प्रयत्न मुंबईचा. सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा आरंभिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावाजलेले चित्रकार याच तालमीत तयार झाले. सुमारे तेरा वर्षांत जवळपास तीनशे प्रतिकृती झाल्या. त्या लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात पोहोचल्या आणि १८८५ मध्ये तेथेही आग लागली. अनेक चित्रे गेली, काही वाचली.

या प्रवासाची किंमत मूळ भिंतींनीही मोजली. रंग उजळून दिसावेत म्हणून प्रतिकृती करताना चित्रांवर वॉर्निश चढविले गेले. ते काळानुसार पिवळे-तपकिरी पडले आणि त्याखालचे रंग झाकोळले. प्रेमानेही हानी होते, याची ही ठळक नोंद आहे. ग्रिफिथ्स यांच्या कामाचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. भिंतीवरून जो भाग पुढे झडून गेला, तो कसा दिसत होता हे सांगणारा पुरावा कित्येकदा त्यांची प्रतिकृतीच असते.

१९०९ ते १९११ या काळातील दोन हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकर्ती अजिंठ्यास आली. तिच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि मूळचे म्हैसूरचे के. वेंकटप्पा आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. बंगालच्या फाळणीवरून पेटलेले आंदोलन नुकतेच अनुभवलेले हे तरुण, इंग्रज बाई, निजामाच्या राज्यातील मुसलमान चित्रकार, आणि समोर वाकाटककालीन बौद्ध भित्तिचित्रे! अंधारात मचाणांवर चढून, वटवाघळांच्या दुर्गंधीत ही मंडळी रेषा गिरवीत होती. हे काम १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. नंदलालांच्या पुढील चित्रांतील रेषेचा ओघ पाहिला, की त्या हिवाळ्याचा हिशोब लागतो.

यानंतर अजिंठा पूर्वेकडे गेला. १९१६ मध्ये रवींद्रनाथ टागोर जपानला गेले असता चित्रकार अराई कांपो यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्यांच्या निमंत्रणावरून अराई कलकत्त्यास जोडासांकोच्या वाड्यात जपानी चित्रपद्धती शिकविण्यासाठी आले आणि १९१७-१८ च्या हिवाळ्यात अजिंठ्यास गेले. जपानी चित्रकारास तेथे इतकी ओढ का वाटावी? नारा परिसरातील होर्युजी मंदिराच्या सुवर्णदालनात सातव्या-आठव्या शतकांच्या संधिकाळातील बौद्ध भित्तिचित्रे होती आणि त्यांच्या रेषेत अजिंठ्याचे दूरचे आप्त अभ्यासकांना दिसत होते. अराई आपल्या प्रतिकृती घेऊन टोकियोस परतले. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतरच्या आगीत त्याही नष्ट झाल्या. तिसरी आग.

अराईंसोबत अजिंठ्यास काम केलेले कोसेत्सु नोसु १९३२ मध्ये पुन्हा भारतात आले. सारनाथच्या नव्या मूलगंधकुटी विहारात त्यांनी १९३६ पर्यंत बुद्धचरित्र रंगविले. ती चित्रे आजही तेथे आहेत. जपानी हाताने, भारतीय कथेवर, अजिंठ्याच्या आठवणीतून घडलेले हे काम शांततेचा प्रसार करणारे होते, यात शंका नाही. परंतु त्याच वर्षांत जपानी फौजा मांचुरियात होत्या आणि १९३७ मध्ये चीनवर पूर्ण चढाई झाली. १९३८ मध्ये कवी योने नोगुची यांनी त्या युद्धाचे समर्थन केले, तेव्हा टागोरांनी खुल्या पत्रांतून त्यांना कठोर उत्तर दिले. अराईंना निमंत्रण देणारेच हे टागोर. चित्रांनी युद्ध थांबविले नाही. जुने स्नेह जपूनही युद्धास नकार देता येतो, हे त्या पत्रांत दिसते.

१९४० पासून अराई होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याच्या कामात गुंतले. १९४५ मध्ये त्यांचे निधन झाले. काम इतरांनी चालू ठेवले. ते चालू असतानाच २६ जानेवारी १९४९ रोजी सुवर्णदालनास आग लागली आणि मूळ भित्तिचित्रे होरपळून गेली. या वेळी प्रतिकृती नव्हे, भिंतच जळाली. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला. १९३५ मध्ये घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे १९६७-६८ मध्ये चित्रकारांनी ती चित्रे नव्याने रंगवून त्या दालनात बसविली. २६ जानेवारीस, आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाचे संचलन चालू असते त्याच दिवशी, जपानमधील मंदिरांत दरवर्षी आग विझविण्याची कवायत होते.