वरल्या अंगाचं पाणी

आंबीतली जुनी माणसं इंद्रायणीचे नियम सांगत, त्यात पहिला नियम जागेचा असे. प्यायचं पाणी सगळ्यात वरल्या अंगाला, त्याखाली गुरं, त्याच्याही खाली धुणं. उन्हाळ्यात धार बारीक झाली की वाळूत झिरे उकरायचे, वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि निघताना झिरा झाकून जायचा. आजी हे मोठ्या अभिमानानं सांगे. पण ती खरं बोलणारी बाई होती. मावळात गावोगावी गावकुसाबाहेरच्या माणसांचा पाणवठा या सगळ्यांच्या खाली असायचा, हेही ती सांगे. “त्यांनी आमच्या म्हशी धुतलेलं पाणी प्यायलं,” असं म्हणून ती गप्प व्हायची. महाडला 1927 साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्या बाबासाहेबांचा बंगला आमच्या शेजारी तळेगावातच आहे. शाळेत असताना तो पाहून आलो, तेव्हा आजीच्या गप्प होण्याचा अर्थ मला लागला.

तळेगाव दाभाडे म्हणजे आमची बाजाराची जागा. नदी ओलांडली, वराळे मागं टाकलं की तळेगाव. वडिलांचे चुलते तिथल्या पैसा फंडाच्या काच कारखान्यात भट्टीवर होते. भट्टीची धग, लांब फुंकणी, तिच्या टोकाला फुगत जाणारा लाल गोळा हे सगळं ते हातवारे करून दाखवत. पण त्यांना खरं सांगायचं असे ते त्या कारखान्याच्या जन्माचं. अंताजी दामोदर काळे नावाचा माणूस प्रत्येक घरातून वर्षाला एक पैसा मागत हिंडला. लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं. परदेशात काचेचं शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय इथं आले आणि 1908 साली तळेगावात भट्टी पेटली. “कारखाना कुणा एका शेटचा न्हवता, त्यात माझ्या आईचा पैसा हाय,” असं ते म्हणत, आणि म्हणताना ताठ बसत. त्याच सुमाराला प्रा. विष्णू गोविंद विजापूरकरांचं समर्थ विद्यालय तळेगावात होतं. इंग्रज सरकारनं ते 1910 मध्ये बंद पाडलं.

तेव्हाचं तळेगाव काही हजार वस्तीचं होतं. एवढ्याशा गावात राष्ट्रीय शाळा आणि काचेची भट्टी उभी राहिली, याचं मला फार अप्रूप वाटत आलं आहे. माझ्या मते त्याचं कारण गावाच्या आकारात आहे. रेल्वे होती म्हणून दूरचा जाणकार माणूस येऊन राहू शकत होता; आणि गाव एवढं लहान होतं की पैसा कुणाचा आणि हिशेब कुणाकडे, हे पारावर विचारता येत होतं. मुंबई-पुण्याला दुसरी गोष्ट जमत नाही, खेड्याला पहिली. मधल्या आकाराच्या गावांना दोन्ही जमतं, तोवर ती बहरतात.

2011 च्या जनगणनेत तळेगावची लोकसंख्या 56 हजारांवर गेली. लोणावळा 57 हजारांवर. वडगावला 2018 पासून नगरपंचायत आली. आमच्या आंबीत अभियांत्रिकी कॉलेजं आली, एमआयडीसीचा रस्ता आला, जिथं आंबेमोहराची खाचरं होती तिथं विद्यार्थ्यांच्या खोल्यांचे मजले चढले. जनरल मोटर्सचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला, 2020 च्या अखेरीस बंद पडला, पुढं तो ह्युंदाईनं घेतला. पोरांच्या नोकऱ्यांचा निर्णय सातासमुद्रापार झाला. त्यावर आमचा ताबा नाही, हे मी समजू शकतो.

नदीवर मात्र आहे. कुरवंड्याच्या डोंगरातून निघून तुळापूरला भीमेला मिळेपर्यंत ही नदी लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहू, आळंदी अशा वस्त्यांच्या कडेनं जाते. यातली प्रत्येक वस्ती नदीकडे पाणवठा म्हणूनही पाहते आणि गटार म्हणूनही. आळंदीला वारकरी ज्या फेसाळ पाण्यात उतरतात, त्यात वरच्या वस्त्यांचं आणि कारखान्यांचं काय काय मिसळलेलं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. जातीनं आखलेला पाणवठा मोडला, आणि त्या जागी नगरपालिकांच्या हद्दींनी आखलेला उभा राहिला. खालच्यानं वरच्याची घाण प्यायची, हा कायदा तोच.

पाणी वाटून घ्यायची बोलणी वेळेवर झाली नाहीत की काय होतं, तेही मावळानं भोगलंय. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. इचलकरंजीला दूधगंगेचं पाणी सुळकूडहून न्यायचं ठरलं, तेव्हा कागल भागातली गावं अशीच विरोधात उभी राहिली. शहर तहानलेलं असतं हे खरं आणि गावाला भीती वाटते हेही खरं. दोघांना एका सतरंजीवर बसवणारं कुणी नसतं.

राज्यघटनेनं ती सतरंजी अंथरून ठेवली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीनं आलेलं 243-झेडडी हे कलम जिल्हा नियोजन समितीला सांगतं की, पंचायती आणि नगरपालिकांच्या सामाईक हिताच्या गोष्टी, त्यात पाण्याची वाटणीसुद्धा, लक्षात घेऊन आराखडा करा. या कलमाच्या आधारानं आंबीच्या ग्रामसभेत मला एक ठराव मांडायचा आहे. पहिली मागणी : लोणावळ्यापासून आळंदीपर्यंत प्रत्येक वस्तीनं आपलं प्यायचं पाणी आपल्याच सांडपाण्याच्या खालच्या अंगाला उचलावं. तसं झालं तर मैलापाणी शुद्धीकरणाची यंत्रं रात्रीसुद्धा चालतील, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दुसरी : या सगळ्या गावांच्या घरपट्टीत नदीसाठी वर्षाला एक वेगळी रक्कम असावी, अगदी लहान, पण झोपडीपासून बंगल्यापर्यंत प्रत्येक घराची, आणि कारखान्यांची त्यांच्या पाण्याच्या हिशेबानं. जमाखर्च दरवर्षी प्रत्येक ग्रामसभेत आणि पालिकेच्या सभेत मोठ्यानं वाचला जावा, आणि वाचणारा माणूस दुसऱ्या गावचा असावा.