आवळलेल्या बोल्टाची कुळकथा

दिल्लीस यमुनेवर ईस्ट इंडियन रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात बांधलेला, वर आगगाडी आणि खाली रस्ता असा जो पूल 'लोहे का पूल' म्हणून मशहूर आहे, तो रिबिटांच्या जमान्यातला. तापवून लाल केलेला रिबिट निवताना आकसतो व पत्रे एकमेकांवर दाबून धरतो, हे त्या काळच्या कारागिरांस अनुभवाने ठाऊक होते. परंतु सांध्याचे आयुर्मान या दाबावरच अवलंबून असते, ही गोष्ट सप्रमाण सिद्ध होण्यास पुढे कित्येक दशके जावी लागली.

बेताचाच भार, पण लक्षावधी वेळा आला की पोलाद शिणून तुटते, हे प्रशियाच्या रेल्वेतील व्होलर याने आगगाडीच्या आसांवर प्रयोग करून दाखविले होते. रिबिटाच्या जागी येणाऱ्या बोल्टाचे प्राक्तनही तेच. सैल बोल्टावर प्रत्येक हेलकाव्याचा भार सबंध येऊन पडतो आणि नटात शिरणाऱ्या पहिल्याच आट्याच्या मुळाशी तडा जातो. उलट चांगला आवळलेला बोल्ट आधीच ताणलेला व पत्रे आधीच दाबलेले असल्यामुळे, बाहेरून आलेल्या ओढीचा बहुतांश पत्र्यांवरील दाब उतरण्यात खर्ची पडतो आणि बोल्टाच्या वाट्यास अल्पांशच उरतो. अधिक ताणलेला बोल्ट अधिक जगतो, हे सत्य प्रथमदर्शनी विपरीत वाटते, म्हणूनच मला ते फार मोलाचे वाटते.

इंग्लंडात 1934 साली बाथो व बेटमन यांनी, पत्रे सरकणार नाहीत इतका बोल्ट आवळता येतो, असे दाखविले. 1938 मध्ये इलिनॉय विद्यापीठात विल्सन व थॉमस यांनी अशा सांध्यांची क्लांतिक्षमता, म्हणजे शीण सोसण्याची ताकद, उत्तम रिबिटांच्या तोडीची ठरविली. हिंदुस्थानात अशा सांध्यांचे नियम दिल्लीच्याच दफ्तरातून निघाले: भारतीय मानक संस्थेने 1967 साली आय.एस. 4000 ही संहिता जारी केली.

मात्र कारागिराची खरी अडचण बोल्टातील ताणाच्या मोजमापाची. पान्याच्या जोरापैकी सुमारे नऊदशांश घर्षणातच जातो, आणि आट्यांना तेल आहे की गंज यावर उरलेला ताण बदलतो. म्हणून पत्रे नीट बसेपर्यंत नट आवळावा, बोल्टाच्या टोकावर, नटावर व पत्र्यावर रंगाची एक सरळ रेघ ओढावी, आणि मध्यम लांबीच्या बोल्टास तेथून नेमका अर्धा फेरा द्यावा, अशी रीत रूढ झाली; तपासनीस मागाहून येऊन ती मोडलेली रेघ पाहतो.