५००/- मधली आडवी रेघ

२००९ साली युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत आपल्या जुन्या वहीखात्यांतली काही चिन्हं दाखल झाली. पाव, अर्धा, पाऊण आणि त्यांच्याच पंगतीत आणखी एक. रकमेतला मधला हिस्सा रिकामा आहे, एवढंच सांगणं हे त्याचं काम. ते वाचल्यापासून ५००/- मधली आडवी रेघ मला निराळी दिसू लागली.

ही रेघ साहेबाची, असं सगळे सांगतात. ५/- म्हणजे पाच शिलिंग, पेनी काही नाही. तिरपी रेघ म्हणजे शिलिंगच्या लांब ‘एस’चा अवशेष. हे खरंच आहे, पण माझ्या मते अर्धंच. पौंड-शिलिंग-पेनीच्या हिशेबात शिलिंग हे मधलं घर, त्याखाली फक्त पेनी. रुपया सगळ्यांत वरचा; त्याखाली आणे आणि पै, दोन घरं. म्हणून सरकारी हिशेबात ५-०-० लिहीत. मग रुपयापुढे एकच रेघ का टिकली?

उत्तर मोडीतल्या हिशेबात आहे. तिथे ५ पुढे एक उभी रेघ ओढली की सव्वापाच, दोन ओढल्या की साडेपाच, तीन ओढल्या की पावणेसहा. म्हणजे नुसता ५ हा उघड्या दाराचा आकडा! कुणीही रेघ ओढावी आणि चार आणे वाढवावेत. ते दार लावायची गरज आपल्या कारकुनाला शिलिंग येण्याआधीच होती. साहेबाची खूण त्या तयार जागेवर येऊन बसली, असा माझा ठाम तर्क आहे.

हे घडायला मानपूरसारखी गावं हवीत. आग्रा-मुंबई रस्त्यावरचा हा ब्रिटिश परगणा, आणि भोवती संस्थानी मुलूख. इथल्या व्यापाऱ्याला होळकरी हाली रुपया आणि इंग्रजी कलदार, दोन्हींचा हिशेब सांभाळणं भागच होतं. दोन्ही लेखनपद्धती एकाच हाताखाली आल्यावर खुणांची देवाणघेवाण होणारच.

पूर्ण आकडा पूर्ण आहे हे वेगळं लिहावं लागतं, हे युरोपातही सायमन स्टेव्हिननं ओळखलं होतं. १५८५ च्या ‘द थिंदे’ या पुस्तिकेत तो दशांश मांडताना पूर्णांकापुढे वर्तुळातलं शून्य लिहितो. बिंदू रूढ झाला तो नंतर.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि ५००.०० लिहिणं सुरू झालं. दोन शून्यं हवीतच, कारण नुसतं ५.५ लिहिलं तर पाच पैसे की पन्नास, हा घोळ. आता खरं तर आडव्या रेघेचं काम संपलं होतं. तरी पावतीवर ‘अक्षरी रुपये पाचशे फक्त’ लिहून झाल्यावरही आकड्यापुढे ती ओढली जाते. कित्येक जण तर ५००.००/- असंच लिहितात.